बारा पाकिटं: कुष्ठरोगाच्या औषधांचा हिशोब

एमबी, म्हणजे अंगात जंतू जास्त असलेल्या गटातल्या, प्रौढ रुग्णाचं लाल पाकीट उघडलं की वरच्या भागात पहिल्या दिवसाच्या गोळ्या वेगळ्या काढलेल्या दिसतात. रिफॅम्पिसिन ३०० मि.ग्रॅ.च्या दोन कॅप्सूल, क्लोफाझिमिन १०० मि.ग्रॅ.च्या तीन गडद तपकिरी कॅप्सूल आणि डॅप्सोन १०० मि.ग्रॅ.ची एक गोळी. या सहाही गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंच्या समोर, पाण्याचा पेला हातात देऊन गिळायला लावायच्या असतात. खाली उरलेल्या २७ दिवसांचे खण आहेत, रोज एक डॅप्सोन १०० मि.ग्रॅ. आणि एक क्लोफाझिमिन ५० मि.ग्रॅ., घरी घ्यायची. एक पाकीट म्हणजे २८ दिवस. अशी बारा पाकिटं झाली की उपचार पूर्ण.

ऐकायला हे सोपं आहे आणि खरोखर सोपं आहेही. तरीही ज्या रुग्णांचे हात वाकडे होतात, ज्यांच्या पायाला भोक पडणारी जखम होते, त्यांच्यातले बरेच जण ही पाकिटं घेतलेले असतात. काही जण ती पूर्ण घेऊनसुद्धा. हे का होतं आणि कुठे अडवता येतं, ते प्राथमिक केंद्रातल्या नव्या डॉक्टरांसाठी, कुष्ठरोग तंत्रज्ञांसाठी आणि रुग्णाच्या घरच्यांसाठी इथे मांडतो आहे.

आधी एक प्रश्न, जो घरचे हमखास विचारतात: सगळ्यात जोरदार औषध महिन्यातून एकदाच का? क्षयरोगात रिफॅम्पिसिन रोज देतात, मग इथे का नाही?

उत्तर जंतूच्या चालीत आहे. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला साधारण १२ ते १४ दिवस लागतात. रिफॅम्पिसिनचा ६०० मि.ग्रॅ.चा एकच डोस काही दिवसांत त्यांतले बहुतेक जिवंत जंतू निकामी करतो. पुढचा डोस येईपर्यंत उरलेल्यांना फारसं वाढता येत नाही. शिवाय ही पद्धत ठरली तेव्हा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला तेव्हा, रिफॅम्पिसिन महाग होतं आणि डोळ्यांसमोर डोस देणं रोज शक्य नव्हतं. महिन्यातून एकदा मात्र शक्य होतं.

मग बाकीची दोन औषधं कशाला, हा पुढचा प्रश्न. उपचार न झालेल्या, जंतूंनी भरलेल्या रुग्णाच्या शरीरात दहा हजार कोटींच्या घरात जंतू असू शकतात. साधारण एक कोटीत एक जंतू जन्मतःच रिफॅम्पिसिनला दाद न देणारा असतो असं धरलं, तर दहा हजार जंतू पहिल्याच डोसातून वाचणार. ते डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन रोज घेतल्याने मरतात. रुग्णाने समोरचा डोस दरमहा घेतला आणि घरच्या गोळ्या डब्यात पडून राहिल्या, तर आपण नेमके तेच दहा हजार जपून ठेवतो. एकट्या औषधाची किंमत या आजाराने आधीच मोजली आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून डॅप्सोन एकटंच वर्षानुवर्षं दिलं गेलं, आणि १९६४ मध्ये मलेशियातल्या रुग्णांमध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले.

म्हणून दर भेटीत मागचं रिकामं पाकीट परत मागायचं. त्यात शिल्लक गोळ्या मोजायच्या. रागावून नाही, पण मोजायच्याच. कार्डावर फक्त समोरच्या डोसाची तारीख लिहिली जाते, त्यामुळे कार्ड स्वच्छ आणि डबा भरलेला, असं सहज घडतं.

पीबी (कमी जंतूंचा गट) की एमबी हे ठरवताना चट्टे मोजतात: एक ते पाच म्हणजे पीबी, सहा किंवा जास्त म्हणजे एमबी. एकापेक्षा जास्त नसा धरलेल्या असतील किंवा त्वचेच्या नमुन्यात जंतू दिसले तर चट्टे कितीही कमी असोत, एमबीच. इथे होणारी चूक साधी असते. रुग्णाने दाखवलेला दंडावरचा चट्टा पाहिला, बाकी अंग पाहिलंच नाही. पाठ, नितंब, मांड्या, कानाच्या पाळ्या उजेडात पाहिल्याशिवाय मोजणी झाली असं म्हणू नये. स्त्री रुग्णाला तपासायला स्त्री कर्मचारी आणि आडोसा नसेल तर मोजणी अर्धीच राहते आणि एमबीची रुग्ण सहा पाकिटांवर सुटते.

पीबीला पूर्वी क्लोफाझिमिन नव्हतं. रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन एवढीच दोन औषधं, सहा महिने. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही गटांना तीन औषधं सुचवली, आणि भारतात १ एप्रिल २०२५ पासून पीबीलाही तीन औषधांचा उपचार लागू झाला. मुदत तीच: पीबी सहा पाकिटं, एमबी बारा. मला हा बदल योग्य वाटतो, कारण वर्गीकरणात चूक झालीच तर निदान औषध तरी कमी पडत नाही. कमी पडतात ते महिने, आणि ते नंतर वाढवता येतात.

मुलांच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. १० ते १४ वर्षांच्या मुलाला महिन्याच्या डोसात रिफॅम्पिसिन ४५० मि.ग्रॅ. आणि क्लोफाझिमिन १५० मि.ग्रॅ., घरी डॅप्सोन रोज ५० मि.ग्रॅ. आणि क्लोफाझिमिन ५० मि.ग्रॅ. एक दिवसाआड. एक दिवसाआड का? कारण ५० मि.ग्रॅ.ची कॅप्सूल मऊ आणि तेलकट असते, ती अर्धी करता येत नाही. हे औषध शरीरात आठवडेच्या आठवडे साठून राहतं, त्यामुळे अंतर पडलं तरी चालतं. पण आईला हे समजावलं नाही तर ती एक तर रोज देते, नाही तर डॅप्सोनसुद्धा दिवसाआड देते. दहा वर्षांखालच्या किंवा ४० किलोपेक्षा हलक्या मुलाला पाकीट जसंच्या तसं देऊच नये. वजन करायचं आणि हिशोब मांडायचा: रिफॅम्पिसिन किलोला १० मि.ग्रॅ. महिन्यातून एकदा, डॅप्सोन किलोला २ मि.ग्रॅ. रोज, क्लोफाझिमिन किलोला ६ मि.ग्रॅ. महिन्यातून एकदा आणि रोजच्या १ मि.ग्रॅ.च्या हिशोबाने दिवसांचं अंतर पाडून. कोणत्या वारी कोणती गोळी ते कागदावर लिहून द्यायचं. वजन दर तीन महिन्यांनी पुन्हा, कारण उपचार वर्षभराचा आहे आणि मूल वाढतं.

आता महिन्यांचा प्रश्न. उपचार पूर्ण झाला की नाही हे कॅलेंडरवरून ठरत नाही, पाकिटांवरून ठरतं. एमबीची १२ पाकिटं १८ महिन्यांच्या आत, पीबीची सहा पाकिटं नऊ महिन्यांच्या आत पोटात गेली पाहिजेत. मधला एखादा महिना चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, सातवं चुकलं तर पुढच्या भेटीत सातवंच द्यायचं. मुदतीत बसण्याची शक्यताच उरली नसेल, तर पूर्ण तपासणी करून उपचार नव्याने सुरू करायचा का ते ठरवायचं. जास्त मोठी चूक उलट दिशेने होते. सुरू केल्याला वर्ष झालं म्हणून नाव कमी केलं जातं आणि आत प्रत्यक्षात नऊच पाकिटं गेलेली असतात.

महाराष्ट्रात या गळतीची कारणं ठरलेली आहेत. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या उन्हाळ्यातच परततात. वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब सहा-सहा महिने गावात नसतं. अशा रुग्णाला दर महिन्याला केंद्रावर बोलावणं म्हणजे त्याचा उपचार आपणच मोडणं. त्याला जायच्या आधी तीन-चार पाकिटं एकदम द्यायची, आणि महिन्याचा डोस ज्याच्यासमोर घेईल असा टोळीतला किंवा घरातला एक माणूस नेमायचा. त्या माणसाला पाकिटाच्या वरच्या सहा गोळ्या बोटाने दाखवायच्या. जिथे कारखाना आहे तिथल्या आरोग्य केंद्राचं नाव कार्डावर लिहून द्यायचं. औषध सगळीकडे मोफत आहे. २००० सालापासून नोव्हार्टिस कंपनी ते जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगी म्हणून देते, तेव्हा पैशासाठी डोस चुकायचं कारण नाही.

पहिलं पाकीट देताना दोन गोष्टी न सांगता रुग्णाला घरी पाठवलं तर दुसऱ्या पाकिटाला तो येईलच असं नाही. एक, समोरचा डोस घेतल्यावर त्या दिवशी लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नाही, रिफॅम्पिसिनचा रंग आहे, दुसऱ्या दिवसापर्यंत जातो. दुसरी, क्लोफाझिमिनने दोन-तीन महिन्यांत त्वचा काळपट-तांबूस पडू लागते, चट्ट्यांवर जास्त, आणि कोरडी पडते. औषध थांबल्यावर सहा महिने ते वर्षभरात रंग परत येतो. चेहरा काळा पडला म्हणून लोक विचारू लागतात आणि जे लपवलं होतं ते उघड होतं, म्हणून लग्नाच्या वयातल्या मुली इथेच औषध सोडतात. हे आधीच, एकांतात, घरच्या एखाद्या जाणत्या बाईला सोबत घेऊन बोललं पाहिजे. त्वचेला पाण्यात भिजवून वरून खोबरेल तेल रोज, एवढ्यानेही कोरडेपणा पुष्कळ कमी होतो. आणि क्लोफाझिमिन जेवणानंतर घ्यायचं. महिन्याच्या तीन कॅप्सूल रिकाम्या पोटी गेल्या की मळमळ ठरलेली.

डॅप्सोनबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण जीव जातो तो इथे. शंभरात एक-दीड जणांना डॅप्सोनची तीव्र ॲलर्जी होते. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, मानेतल्या-काखेतल्या गाठी सुजतात, कावीळ होते. हे पहिल्या आठवड्यात होत नाही, साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात होतं. पाकीट २८ दिवसांचं आहे, म्हणजे हे संकट नेमकं दुसरं पाकीट सुरू असताना येतं, जेव्हा रुग्ण आपल्यासमोर नसतो. गावातल्या दवाखान्यात तो तापाचा रुग्ण म्हणून जातो, पुरळ पाहून विषाणूचा ताप म्हणतात, पॅरासिटामॉल मिळतं आणि डॅप्सोन रोज चालूच राहतं. ही ॲलर्जी झालेल्यांमध्ये दहात सुमारे एक दगावतो, आणि उशीर हे त्यामागचं मोठं कारण असतं.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकिटाच्या भेटीत हाच प्रश्न आधी: ताप आला का, अंगाला खाज-पुरळ आहे का, लघवी पिवळी होते का? डोळे उजेडात पाहायचे. पहिल्या दोन महिन्यांत ताप आणि पुरळ एकत्र आले तर डॅप्सोन त्या क्षणी बंद आणि रुग्ण मोठ्या रुग्णालयात. तिथे बहुतेकदा स्टेरॉइड लागतं, आणि कावीळ असेल तर यकृत सावरेपर्यंत रिफॅम्पिसिनही थांबवावं लागतं, ते तज्ज्ञाने ठरवायचं. सावरल्यावर उपचार रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिनवर पुढे जातो, डॅप्सोन आयुष्यात पुन्हा नाही. इथे एक बारीक पण जीवघेणी अडचण आहे. पाकीट तेच असतं, त्यात डॅप्सोनच्या गोळ्या असतातच. ‘ही पांढरी गोळी खाऊ नका’ असं तोंडी सांगून पाकीट हातात देणं पुरेसं नाही. केंद्रातच कात्रीने सगळ्या डॅप्सोन गोळ्या काढून घ्यायच्या आणि कार्डावर लाल शाईने लिहायचं. डॅप्सोन इतर त्वचारोगांतही दिलं जातं, म्हणून ते कार्ड रुग्णाने जन्मभर जपायचं.

सौम्य रक्तक्षय डॅप्सोनने बऱ्याच जणांना होतो. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरसारख्या सिकलसेल असलेल्या भागांत सुरुवातीलाच हिमोग्लोबिन पाहावं. फारच कमी असेल तर आधी ते सुधारावं, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता ठाऊक असेल तर डॅप्सोन देऊ नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना उपचार चालू ठेवायचा. बाळाची त्वचा दुधातल्या क्लोफाझिमिनने थोडी सावळी दिसू शकते, तीही परत येते. रुग्णाला क्षयरोगही असेल तर क्षयाच्या उपचारातलं रोजचं रिफॅम्पिसिन दोन्हींना पुरतं, तेवढ्या काळात महिन्याचं वेगळं रिफॅम्पिसिन द्यायचं नाही. बाकीची दोन औषधं चालू.

आणि आता ते, ज्यामुळे औषध पूर्ण घेऊनही हात वाकडे होतात. औषध जंतू मारतं, पण मेलेले जंतू शरीरात वर्षानुवर्षं राहतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर कधीही खवळू शकते. याला आपण रिॲक्शन म्हणतो. चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, किंवा अंगावर दुखऱ्या गाठी आणि ताप येतो, आणि या सगळ्यात नस सुजते. कोपरामागची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्यामागची. नस सुजली की काही दिवसांत करंगळी दूर जात नाही, पाऊल वर उचलत नाही. उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत हे सर्वाधिक होतं. रुग्णाला वाटतं औषधाने आजार वाढला, आणि तो पाकीट फेकून देतो. खरं तर नेमकं उलट करायचं असतं. पाकीट चालूच ठेवायचं आणि सोबत प्रेडनिसोलोन सुरू करायचं.

राष्ट्रीय कार्यक्रमातलं वेळापत्रक सोपं आहे. रोज सकाळी खाऊन झाल्यावर एकच डोस, ४० मि.ग्रॅ. दोन आठवडे, मग ३०, २०, १५, १० आणि ५, प्रत्येकी दोन आठवडे. एकूण बारा आठवडे. नस मोठी आणि कमजोरी जास्त असेल तर तज्ज्ञ ही मुदत वाढवतात, वीस आठवड्यांपर्यंतही. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, दोन आठवड्यांहून जास्त खोकला हे पाहायचं आणि जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मि.ग्रॅ. द्यायचं. बिघडतं ते असं: आठवड्यात सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं, तो स्टेरॉइड एकदम सोडतो आणि नस दुप्पट जोराने पुन्हा सुजते. दुसरी बाजू, औषध दुकानातून तोच कागद दाखवून महिनोन्‌महिने ४० मि.ग्रॅ. घेत राहणारे. म्हणून स्टेरॉइडही दोन-दोन आठवड्यांचंच, मोजून हातात.

दुखणारी नस रुग्ण स्वतः दाखवतो. न दुखता मरणारी नस कोणी दाखवत नाही, ती आपणच शोधायची. दर पाकिटाच्या भेटीत पाच मिनिटं पुरतात. डोळे घट्ट मिटायला लावा आणि पापणी उघडून पाहा. करंगळी बाहेर, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर, आणि प्रत्येक वेळी आपल्या बोटाने उलटा दाब द्या. ताकद पूर्ण, कमी की शून्य, एवढंच लिहायचं. मग बॉलपेनचं टोक तळहात-तळपायावरच्या ठरावीक जागांवर हलकेच टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला ती जागा दाखवायला सांगा. मागच्या महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहा. सहा महिन्यांच्या आतली कमजोरी स्टेरॉइडने परत येण्याची चांगली शक्यता असते, त्यानंतर ती फार कमी होते. ही पाच मिनिटं गर्दीत सगळ्यांत आधी गळतात, आणि मला विचाराल तर संपूर्ण उपचारात सर्वांत महाग पडणारी हीच चूक.

घरच्या आणि शेजारच्या लोकांना आजार होऊ नये म्हणून द्यायचा रिफॅम्पिसिनचा एक डोस हा वेगळा विषय, पण औषध तेच असल्याने इथेच लिहितो. १५ वर्षांवरील व्यक्तीला ६०० मि.ग्रॅ., १० ते १४ वर्षांना ४५०, सहा ते नऊ वर्षांच्या २० किलोवरील मुलाला ३००, त्याहून हलक्या पण दोन वर्षांवरील मुलाला किलोला १० ते १५ मि.ग्रॅ. आयुष्यात एकदाच गिळायचं, तेही समोर. बांगलादेशात २१ हजारांहून अधिक सहवासितांवर, म्हणजे रुग्णाच्या संपर्कातल्या लोकांवर, झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यामुळे पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले. आपल्या पालघरला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीत २०१५ पासून हाच डोस कार्यक्रमाचा भाग म्हणून देऊन पाहिला गेला. पण त्याच बांगलादेशी चाचणीत एक गोष्ट दिसली, जी मोहिमेत विसरली जाते. संरक्षण दूरच्या सहवासितांत जास्त आणि रुग्णाच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांत कमी होतं. त्यांच्या अंगात आधीच इतके जंतू असू शकतात की एक डोस पुरत नाही. म्हणजे डोस दिला म्हणून घरच्यांची दरवर्षीची तपासणी थांबवता येत नाही.

डोस देण्याआधी प्रत्येकाचं सगळं अंग तपासायचं, कारण ज्याला आजार सुरू झाला आहे त्याला एक डोस नको, सहा किंवा बारा पाकिटं हवीत. खोकला, वजन घटणं, रात्री घाम असेल तर आधी क्षयाची तपासणी. गरोदर बाईला बाळंतपणानंतर. यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा गेल्या दोन वर्षांत रिफॅम्पिसिन घेतलेलं असेल, तर द्यायचं नाही. आणि रुग्णाच्या परवानगीशिवाय शेजाऱ्यांच्या दारात जायचं नाही. परवानगी नसेल तर संपूर्ण वस्तीची त्वचा तपासणी म्हणून जाता येतं, कोणा एकाचं नाव न घेता.

रिफॅम्पिसिनला दाद न देणारे जंतू अजून कमी आहेत, पण आहेत. उपचार पूर्ण झालेल्या एमबी रुग्णाला नवे चट्टे आले, नमुन्यात जंतू वाढले, तर जनुकीय तपासणीसाठी नमुना पाठवायला हवा. प्रतिकार सिद्ध झाला तर उपचार दोन वर्षांचा होतो. सहा महिने क्लोफाझिमिन रोज आणि सोबत मिनोसायक्लिन १०० मि.ग्रॅ., क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मि.ग्रॅ. किंवा ऑफ्लोक्सॅसिन ४०० मि.ग्रॅ. यांसारखी दोन औषधं रोज. पुढचे १८ महिने क्लोफाझिमिन आणि त्यातलं एक.

बाराव्या पाकिटानंतर चट्ट्याची खूण राहू शकते, बधिरपणा राहू शकतो, नमुन्यात मेलेले जंतू काही वर्षं दिसू शकतात. यातल्या कशासाठीही तेरावं पाकीट लागत नाही. खऱ्या अर्थाने आजार उलटणं शंभरात एकाहूनही कमी जणांत होतं. रिॲक्शन मात्र नंतरही दोन-तीन वर्षं येऊ शकते, म्हणून शेवटच्या भेटीत रुग्णाला त्याच्याच कोपरामागची नस त्याच्याच बोटाने दाखवायची. ती दुखली, चट्टा लाल झाला, हातातून वस्तू सुटू लागली किंवा चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच आठवड्यात कार्ड घेऊन यायचं.